उरलेल्या दिवसांचे पैसे

पुण्याहून निघालेली गाडी नीरा नदीवरचा पूल ओलांडते आणि सातारा जिल्ह्यात शिरते. मागे भोर तालुका राहतो, पुढे खंडाळा तालुका सुरू होतो आणि पहिलं मोठं गाव लागतं ते शिरवळ. पुणे-बंगळूर महामार्ग आणि औद्योगिक वसाहत यांनी या गावाचं रूप बदलून टाकलं आहे. साताऱ्याची एमएच ११, पुण्याची एमएच १२ आणि पिंपरी-चिंचवडची एमएच १४ अशा नंबरप्लेटच्या गाड्या इथे शेजारी शेजारी उभ्या असतात. कुणाची नोकरी बदलते, कुणाचं बिऱ्हाड पुण्याला हलतं, कुणाचं कर्ज फिटतं आणि जुनी कार विकून मोठी घ्यायचं ठरतं. किंमत ठरते, टोकन दिलं जातं, फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या होतात. या सगळ्या गडबडीत एका कागदाकडे फारसं कुणी बघत नाही. तो म्हणजे विम्याची पॉलिसी.

पॉलिसीचे कधी सहा, कधी आठ महिने शिल्लक असतात. त्याचे पैसे आधीच भरलेले असतात. चौकशी केली तर ठरलेली उत्तरं मिळतात. मधेच रद्द केली तर काही मिळत नाही, मिळालं तरी निम्मं कापून मिळतं, कॅन्सलेशन चार्ज लागतो. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय सोडून देतो. रक्कम दोन-पाच हजारांची असते, त्यासाठी कुठे हेलपाटे घालायचे, असा विचार तो करतो. पण हे उत्तर आता चुकीचं आहे. एकेकाळी त्यात बरंच तथ्य होतं, आणि म्हणूनच ते लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे.

एक हिशेब मांडून बघू. समजा, शिरवळच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाकडे बाराशे सीसीची हॅचबॅक आहे. त्यानं १ जानेवारीपासून वर्षभराची पॉलिसी घेतली. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, हप्ता ६,००० रुपये आणि थर्ड पार्टीचा ३,४१६ रुपये. यातला पहिला आकडा सोयीसाठी धरलेला आहे. दुसरा खरा आहे. हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी कारसाठी केंद्र सरकारनं १ जून २०२२ पासून तो दर लागू केला. दोन्ही मिळून झाले ९,४१६ रुपये, आणि १८ टक्के जीएसटी धरून ११,१११ रुपये. या काळात एकही क्लेम नाही. २६ मे रोजी तो पॉलिसी रद्द करतो. तोवर ३६५ पैकी १४६ दिवस, म्हणजे बरोबर ४० टक्के मुदत सरलेली असते.

सरळ दिवसांच्या प्रमाणात हिशेब केला तर ६० टक्के रक्कम परत यायला हवी. ती होते ५,६५० रुपये, करासह ६,६६७. जुन्या पद्धतीनं मात्र कंपनीनं याच माणसाकडून ६० टक्के कापून घेतले असते आणि त्याच्या हाती करासह ४,४४४ रुपये पडले असते. फरक बावीसशे रुपयांहून जास्त आहे. त्यानं सप्टेंबरअखेर, नऊ महिने झाल्यावर पॉलिसी रद्द केली असती तर जुन्या पद्धतीत त्याला एक रुपयाही मिळाला नसता. दिवसांच्या हिशेबानं तेव्हाही सुमारे २,८०० रुपये त्याचेच होते.

ही जुनी पद्धत १ जुलै २००२ पासून देशभर लागू झालेल्या मोटर टॅरिफमधली, म्हणजे गाड्यांच्या विम्याचे दर आणि अटी ठरवणाऱ्या नियमावलीतली. त्यात अल्प मुदतीच्या दरांचा एक तक्ता होता आणि ग्राहकानं स्वतः पॉलिसी रद्द केली की तो लावला जाई. पॉलिसी एक महिन्याच्या आत रद्द झाली तरी कंपनी वर्षाच्या हप्त्याचा २० टक्के भाग ठेवून घेई. दोन महिन्यांपर्यंत ३० टक्के, तीनपर्यंत ४०, चारपर्यंत ५०, आणि असं दर महिन्याला दहा-दहा टक्क्यांनी वाढत आठ महिन्यांपर्यंत ९० टक्के. आठ महिने उलटले की पूर्ण वर्षाचा हप्ता कंपनीचा. कंपनीनं स्वतःहून पॉलिसी रद्द केली तर मात्र तिला दिवसांच्या प्रमाणात पैसे परत करावे लागत. म्हणजे एकाच करारात दोन बाजूंना दोन मापं होती.

या तक्त्यामागे काही विचारच नव्हता, असं म्हणता येणार नाही. पॉलिसी काढताना एजंटचं कमिशन, कागदपत्रं, तपासणी असा बराच खर्च पहिल्याच दिवशी होतो. शिवाय लोक फक्त पावसाळ्यापुरता किंवा लांबच्या प्रवासापुरता विमा घेऊन नंतर रद्द करू लागले तर वर्षभर हप्ता भरणाऱ्यांवर भार पडतो, हीही भीती होती. पण खर्च भरून काढणं वेगळं आणि नऊ महिन्यांनंतर चौथा हिस्सा गिळून टाकणं वेगळं. ओन डॅमेजचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले, कंपन्यांमध्ये स्पर्धा आली, पॉलिसी कागदाऐवजी ईमेलवर येऊ लागली, तरी पॉलिसीच्या अटींमध्ये हा तक्ता वर्षानुवर्षं तसाच छापला जात राहिला.

तो बदलला ११ जून २०२४ रोजी. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, सर्वसाधारण विम्यासाठी एक प्रमुख परिपत्रक काढलं. त्यातल्या तरतुदी अशा: किरकोळ ग्राहक आपली पॉलिसी मुदतीत केव्हाही रद्द करू शकतो. त्यासाठी कंपनीला कळवणं पुरेसं आहे, कारण देण्याची गरज नाही. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या काळात क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या मुदतीचा हप्ता त्या प्रमाणात परत केला पाहिजे. मुदत एक वर्षाहून जास्त असेल तर ज्या वर्षांचं संरक्षण अजून सुरूच झालेलं नाही त्या वर्षांचा हप्ता परत केला पाहिजे. कंपनीला मात्र मनाला येईल तेव्हा पॉलिसी रद्द करता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली असेल तरच, आणि तेही किमान सात दिवसांची नोटीस देऊन.

एजंट, कॉल सेंटर किंवा शाखेतला कारकून ‘शॉर्ट पीरियड स्केल’ (म्हणजे तोच अल्प मुदतीचा तक्ता) असं काही म्हणाला तर या तारखेचा आणि परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी विचारणा करावी. बोलणं तिथेच बदलतं. क्लेम झाला असेल तर मात्र परताव्याचा हा हक्क उरत नाही. बंपरचा छोटासा क्लेम घेऊन महिन्याभरात गाडी विकणाऱ्याची निराशा होते ती इथे. काही जण ‘फ्री लूक’चा आधार घेतात. पसंत नसलेली पॉलिसी ठरावीक दिवसांत परत करण्याची ती सोय आयुर्विमा आणि आरोग्य विम्यासाठी आहे. गाडीच्या विम्याला तिची गरजही नाही, कारण इथे कुठल्याही दिवशी रद्द करता येतं.

इतकं कळल्यावर गाडी विकताच पॉलिसी रद्द करून पैसे घ्यावेत, असं कुणालाही वाटेल. सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि तिची किंमत दोन-पाच हजारांत मोजता येत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पहिल्यांदा पकडलं गेलं तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा पकडलं तर दंड ४,००० रुपये. दंड भरून मोकळं होता येतं. अपघाताच्या भरपाईतून तसं होता येत नाही. आणि आरसी बुकावर ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या नजरेत मालक असतो, मग गाडीची चावी कुणाकडेही असो.

सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात हे स्पष्ट केलं. एक मोटार मूळ मालकानं २००७ मध्ये विकली. पुढे ती एकामागून एक अनेक हातांत गेली. आरसीवरचं नाव मात्र कुणी बदललं नाही. मे २००९ मध्ये त्या गाडीच्या धडकेनं एका मुलाचा जीव गेला. गाडीला विमा नव्हता. भरपाई द्यायची कुणी, हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला आणि उत्तर मिळालं की ज्याचं नाव नोंदणीवर आहे त्यानं. विक्रीचे कागद, मधल्या खरेदीदारांच्या कबुल्या यांनी नोंदणीकृत मालकाची जबाबदारी संपत नाही. अपघातग्रस्तानं एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असं वणवण फिरू नये, हा त्यामागचा विचार होता.

शिरवळच्या महामार्गावर, खंबाटकीच्या उतारावर रोज काय वेगानं गाड्या धावतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. गाडी विकली, पैसे मिळाले, पॉलिसी रद्द केली आणि आरसी अजून आपल्याच नावावर आहे, असे मधले पंधरा-वीस दिवस विकणाऱ्यासाठी फार धोक्याचे असतात. उरलेल्या हप्त्यातले चार हजार परत आले आणि त्याच आठवड्यात अपघात झाला तर भरपाईचा दावा लाखांत असतो. म्हणून आधी आरटीओच्या नोंदीत नाव बदललेलं बघायचं आणि नंतरच पॉलिसीचं काय करायचं ते ठरवायचं. कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांच्या आत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. घेणारा नाव लावून घेईल या भरवशावर थांबू नये. परिवहन खात्याच्या पोर्टलवर नाव बदललं का हे स्वतः तपासावं.

विकलेल्या गाडीची पॉलिसी बहुतेक वेळा रद्द करावीच लागत नाही. कलम १५७ सांगतं की गाडीची मालकी बदलली की थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे जातं. नव्या मालकानं चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर आपलं नाव चढवून घ्यायचं असतं. अनेक खरेदीदार मात्र पुढचं वाचत नाहीत. आपोआप जातं ते फक्त थर्ड पार्टीचं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण तसं जात नाही. नव्वदच्या दशकातल्या ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा भेद स्पष्ट केला. ओन डॅमेज हा कंपनी आणि मूळ मालक यांच्यातला करार आहे, आणि कंपनीनं नव्या मालकाला मान्यता दिल्याशिवाय तो त्याच्याकडे येत नाही. त्यामुळे ‘फुल इन्शुरन्स आहे, मार्चपर्यंत चालेल’ असं ऐकून सेकंडहँड गाडी घेणाऱ्याच्या हाती, नाव बदलून घेईपर्यंत, निम्मीच पॉलिसी असते.

विकणाऱ्यानं मग पैसे कुठून वसूल करायचे? उरलेल्या विम्याची किंमत गाडीच्या किमतीत धरून. पॉलिसीचे आठ महिने शिल्लक असतील तर त्याचा हिशेब सौद्याच्या वेळीच मांडायला हरकत नाही. खरेदीदाराला नवीन पॉलिसी काढायचीच असेल आणि तशी ती काढून झाली, आरसी त्याच्या नावावर झाली, तर जुनी रद्द करून परतावा घ्यावा. वापरलेल्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याला गाडी दिली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांमुळे थोडा दिलासा आहे. गाडी ताब्यात घेतल्याची नोंद विक्रेत्यानं पोर्टलवर करायची असते आणि तिथपासून गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. ही नोंद झाली का, हे बघूनच पुढचं पाऊल टाकावं.

गाडी विकणाऱ्याचं खरं धन परताव्यात नसतं, ते नो क्लेम बोनसमध्ये असतं. याकडे होणारं दुर्लक्ष बघून वाईट वाटतं. एक वर्ष क्लेम घेतला नाही की ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सवलत, दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. ही सवलत गाडीला मिळत नाही, माणसाला मिळते. गाडी विकली तरी ती मालकाबरोबर राहते. विक्रीचा पुरावा देऊन कंपनीकडून नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं पत्र घेतलं की ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता २०,००० रुपये असेल तर ५० टक्के बोनस म्हणजे थेट १०,००० रुपये, आणि त्यावरचा करही वाचतो. परताव्याच्या दोन हजारांसाठी भांडणारा माणूस हे पत्र मागायलाच विसरला तर त्याचं नुकसान कितीतरी मोठं होतं.

विकलेल्या गाडीबरोबर जुन्या मालकाचा बोनस खरेदीदाराला वापरता येत नाही. त्यामुळे पॉलिसी नव्या नावावर चढवताना कंपनी उरलेल्या मुदतीची सवलत खरेदीदाराकडून वसूल करते. हे पैसे मागितले की अनेकांना ती लूट वाटते. ती लूट नाही, मात्र आकडा बरोबर आहे ना, हे तपासायला हवं.

बोनसशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. केवळ दुसरीकडे स्वस्त मिळते म्हणून दहाव्या-अकराव्या महिन्यात पॉलिसी रद्द करणारा पुढची पायरी गमावतो, कारण बोनस वाढायला पूर्ण बारा महिने पॉलिसी चालू असावी लागते. अशा वेळी मुदत संपू देणंच शहाणपणाचं. वर्षाच्या सुरुवातीला चूक लक्षात आली तर मात्र बदलायला काहीच हरकत नाही, फक्त नवी पॉलिसी आधी आणि रद्द करण्याचा अर्ज नंतर, हा क्रम मोडू नये.

दुहेरी पॉलिसीचा घोळ दिवसेंदिवस वाढतो आहे. घरातल्या मुलानं मोबाइलवरून पॉलिसी घेतलेली असते आणि वडिलांनी नेहमीच्या एजंटाला चेक देऊन ठेवलेला असतो. एकाच गाडीवर दोन पॉलिसी असल्या तरी भरपाई दुप्पट मिळत नाही. २००२ च्या टॅरिफमध्ये याचं उत्तर होतं आणि ते आजही उपयोगी पडतं. दोन पॉलिसींपैकी नंतर सुरू झालेली रद्द करायची. दोन्ही एकाच कंपनीच्या असतील तर नंतरच्या पॉलिसीचे पूर्ण पैसे परत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या असतील तर दिवसांच्या प्रमाणात. तिथेही अल्प मुदतीचा तक्ता लावायचा नव्हताच. म्हणून दुहेरी पॉलिसीच्या प्रकरणात कुणी ‘चार्ज’ सांगितला तर तो जुन्या नियमातही बसत नाही आणि नव्याही.

नवी कोरी गाडी घेणाऱ्यांचा प्रश्न जरा वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. हजार ते पंधराशे सीसीच्या कारसाठी तीन वर्षांचा दर १०,६४० रुपये आहे. हा भाग सहजासहजी रद्द करता येत नाही. दुहेरी विमा, गाडी पूर्ण निकामी होणं किंवा तिची विक्री, अशी मोजकी कारणं त्यासाठी ठरवून दिली गेली. पण शोरूमनं चिकटवलेला एक वर्षाचा ओन डॅमेज नकोसा झाला तर तेवढाच बदलता येतो. शोरूममधूनच विमा घ्या, नाहीतर डिलिव्हरी उशिरा मिळेल, अशी अट घालण्याची मुभा विक्रेत्यांना नाही. नोव्हेंबर २०१७ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक सूचनांनी ग्राहकाला कंपनी निवडण्याचं स्वातंत्र्य दिलेलं आहे.

आता कापाकापीकडे वळू. ती होते ती तीन ठरलेल्या जागी.

पहिली जागा तारखेची. ग्राहक १० तारखेला एजंटाला फोन करतो, एजंट २५ ला अर्ज पाठवतो आणि कंपनी २५ पासून हिशेब करते. पंधरा दिवस गेले. फोनवरचं बोलणं सिद्ध करता येत नाही, ईमेल करता येतो. रद्द करण्याची विनंती थेट कंपनीच्या अधिकृत ईमेलवर, पॉलिसी क्रमांक, गाडीचा क्रमांक, नव्या पॉलिसीची प्रत आणि बँक खात्याचा तपशील जोडून पाठवावी आणि पोच जपून ठेवावी.

दुसरी जागा कराची. परतावा देताना हप्ता परत येतो, त्यावरचा १८ टक्के जीएसटी मात्र कधी कधी येत नाही. कंपनीला क्रेडिट नोट काढून तो कर परत करता येतो. त्यासाठीची मुदत मूळ व्यवहाराचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. एप्रिलमध्ये घेतलेली वार्षिक पॉलिसी कधीही रद्द केली तरी ती या मुदतीत बसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतलेली पॉलिसी पुढच्या डिसेंबरमध्ये रद्द केली तर बसत नाही. म्हणून कर आला नाही तर आधी तारखा बघाव्यात, मग वाद घालावा.

तिसरी जागा पैसे जातात कुठे ही. परतावा एजंटच्या खात्यात जमा झाला, त्यातून त्यानं ‘फाइलचे’ म्हणून काही ठेवून घेतले, असे प्रकार ऐकू येतात. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीमध्ये याबद्दल स्पष्ट तरतूद आहे. पॉलिसी रद्द झाल्यामुळे परत द्यायची रक्कम कंपनीनं थेट विमाधारकालाच द्यायची, ती कोणत्याही परिस्थितीत एजंटच्या खात्यात जमा करायची नाही. तेव्हा एजंट कितीही घरोब्याचा असला तरी खातं स्वतःचंच द्यावं.

गाडीवर कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेची नोंद असते आणि रद्द करताना कंपनी बँकेचं पत्र मागू शकते. हे अडवणं नाही. नव्या पॉलिसीवरही तीच नोंद करून घेतली की बँकेची हरकत राहत नाही.

एवढं करूनही पैसे कमी आले तर काय करायचं? सुरुवात एका मागणीनं करावी: हिशेब लेखी द्या. किती दिवस धरले, किती टक्के कापले, कोणत्या अटीनुसार कापले, कर किती परत केला. अनेक प्रकरणं या मागणीवरच मिटतात, कारण चुकीचा हिशेब लिहून, त्याखाली सही करून पाठवणं कुणालाही अवघड जातं. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. ती दोन आठवड्यांत निकाली काढणं अपेक्षित आहे. तिथे काही झालं नाही तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल-फ्री क्रमांकावर नोंद करावी.

यानंतरचा दरवाजा विमा लोकपालाचा. शिरवळकरांसाठी तो पुण्यात, नारायण पेठेत आहे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या लोकपालाकडे येतात. भरलेल्या किंवा भरायच्या हप्त्याबद्दलचा वाद हा लोकपालाच्या अधिकारातला विषय आहे, असं २०१७ च्या नियमांतच लिहिलेलं आहे. फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी आणि तिनं ती फेटाळलेली हवी, किंवा महिनाभर उत्तर दिलेलं नसावं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरूनही होऊ शकते. लोकपालानं दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तीस दिवसांत पाळावा लागतो. ग्राहकाला तो पटला नाही तर त्याचे पुढचे मार्ग बंद होत नाहीत. मात्र तेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता त्याहून लांबचा, पण मोकळा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नं एक मोठी अडचण दूर केली. विमा कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की चेन्नईत, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. शिरवळच्या माणसासाठी तो साताऱ्यात आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दोन-तीन हजारांसाठी कुणी आयोगापर्यंत जात नाही हे खरं आहे. मात्र आपल्याला तिथे जाता येतं हे माहीत असलेल्या माणसाचं पत्र कंपनी वेगळ्या नजरेनं वाचते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता, तो १९८६ मध्ये आला. बिल मागा, पावती जपा, लेखी विचारा ही सवय महाराष्ट्राला त्या चळवळीनं लावली. गाडीच्या विम्याच्या बाबतीत ती सवय अजून रुजायची आहे.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हाच विषय वेगळ्या रूपात भेटतो. ब्रिटनमध्ये पॉलिसी घेतल्यावर चौदा दिवसांत मन बदलण्याची मुभा असते. त्यानंतर रद्द केली तर अनेक कंपन्या उघडपणे रद्द करण्याचं शुल्क घेतात, आणि ते शुल्क ग्राहकाला आधी स्पष्ट सांगितलं होतं का, ते रास्त आहे का, हे तिथला वित्तीय लोकपाल तपासतो. अमेरिकेत दिवसांच्या प्रमाणातला परतावा आणि दंड कापून दिलेला परतावा अशा दोन्ही पद्धती आढळतात. ‘कारण विचारू नका, दिवस मोजा आणि पैसे परत करा’ हा २०२४ चा भारतीय नियम या बाबतीत ग्राहकाच्या बाजूनं जास्त ठामपणे उभा आहे. उणीव आहे ती तो नियम शाखेच्या खिडकीपर्यंत आणि एजंटच्या टेबलापर्यंत पोचण्याची.

ज्यांनी मागच्या काही महिन्यांत गाडी विकली, दुहेरी पॉलिसी रद्द केली किंवा कंपनी बदलली आणि ज्यांना ‘काही मिळत नाही’ एवढंच उत्तर मिळालं, त्यांनी कपाटातली ती पॉलिसी काढावी. सुरू झाल्याची तारीख, रद्द झाल्याची तारीख आणि खात्यात आलेली रक्कम एका कागदावर मांडून कंपनीला ईमेल करावा, आणि त्याच ईमेलमध्ये नो क्लेम बोनसचं पत्रही मागावं. कंपनीनं नकार दिला तर त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते.